प्रकाशकाची बाजू

कॉव्हेंट्री,
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय ज्ञानेश्वर,

सप्रेम जयभीम.

अक्षर ओळखलं असशील. नसलं ओळखलं तर खाली सही आहे. ती बघून पत्र फाडावंसं वाटलं तर फाड, पण आधी वाच.

तू रीडिंगला असल्याचं मला श्रीनिवासने सांगितलं. तो क्रॉयडनला असतो, गेल्या महिन्यात आमच्या इथल्या विहारात आला होता. चहा पिता पिता म्हणाला, "तुमचे मेश्राम प्रकाशक इथेच आहेत की, मुलाकडे. तुम्हाला माहीत नाही?" मी म्हणालो, माहीत आहे. तोंडावर पडायचं नव्हतं म्हणून म्हणालो. मग तो म्हणाला, बाई गेल्यापासून नागपुरात त्यांचं कोणी उरलं नाही. चंदावहिनी गेल्याचं मला असं, बिस्किट हातात असताना कळलं. पत्ता त्यानेच दिला.

वीस वर्षांनी लिहितोय ते कामासाठी. दुसरं काही समजू नकोस.

मी एक कादंबरी लिहितोय. मराठीतच. इथलीच गोष्ट आहे, कॉव्हेंट्रीची, राणी व्हिक्टोरियाच्या काळातली. तेव्हा या गावात घरोघरी रेशमी फिती विणायचे. वरच्या मजल्यावर माग असायचा आणि उजेडासाठी मोठ्या खिडक्या. तसली काही घरं अजून उभी आहेत. मी लायब्ररीत नोकरीला होतो तेव्हा रोज त्यांच्यावरून बस जायची. माझा नायक जोसेफ हॅडन हा अशाच एका विणकराचा मुलगा. तो कादंबरी लिहितो आणि लंडनच्या एका प्रकाशकाला पाठवतो. प्रकाशकाचं नाव लँगली. माझं निम्मं पुस्तक म्हणजे या दोघांचा पत्रव्यवहार आहे. हॅडन आणि लँगली कधी झाले नाहीत, मीच केलेत.

अडचण अशी की हॅडनची पत्रं धावत येतात. लँगलीची येत नाहीत. त्याचं पत्र लिहायला बसलो की दर वेळी तो खलनायक होतो, दात विचकतो. आठ पत्रं लिहून फाडली. मी आयुष्यात एकच प्रकाशक जवळून पाहिला, तो तू. म्हणून सोबत पहिली ऐंशी पानं पाठवतोय. वाच आणि लँगलीचं काय चुकतंय ते सांग.

लँगली करतो काय, तेही सांगतो, म्हणजे मी काही लपवलं असं नको. हॅडनने कादंबरी म्हणून दिलेलं पुस्तक तो 'एका विणकराने स्वतः लिहिलेली खरी हकिकत' असं छापून बाजारात आणतो. त्यातली बाई म्हणजे हॅडनची बहीणच असं लोक धरतात, आणि तिला गल्लीतून चालणं मुश्किल होतं.

यात तुला काही ओळखीचं वाटलं तर वाटू दे. माझ्या हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर, नावाखाली, 'कादंबरी' असं लिहिलं होतं. पुस्तक आलं तेव्हा तिथे 'आत्मकथन' होतं. त्यातली ती विहिरीची गोष्ट, आईचा पहिला नवरा तिला रात्री विहिरीपाशी सोडून जातो ती, मी मनाने रचली होती. आणि मग कॉलेजची पोरं, मास्तर, वर्तमानपत्रवाले, सगळे नागपुरात कमाल चौकातून रस्ता विचारत आमच्या घरी. "आई, तुमचे ते पहिले मालक गेले तेव्हा तुम्ही काय केलं?" आईने विहारात जाणं सोडलं. मी तुला विचारलं, का केलंस असं? तू म्हणालास, "लोक वाचतायत ना?" आणि छापखान्यातून आलेली गॅली तपासायला लागलास.

तेव्हा ते जाऊ दे. लँगलीचं बघ.

तुझा,
जगदीश गजभिये

*

कॉव्हेंट्री,
३ मार्च

प्रिय ज्ञानेश्वर,

जयभीम.

तुझं पत्र मिळालं. मी दाढी करत होतो, तसाच अर्ध्या दाढीने जिना उतरलो. तेव्हापासून वाचतोय आणि मला काही कळत नाही.

तू लिहितोस, "तुमचा कादंबरी मी वाचला. खूप चांगली वाटला." ही थट्टा आहे का? एका अनुस्वारासाठी तू माझं अख्खं पान परत पाठवायचास. 'त्याने' आणि 'त्यानं' एकाच परिच्छेदात आलं तर घरी येऊन भांडायचास. आणि हे 'तुम्ही' कुठून काढलंस? चाळीस वर्षांत मी तुझ्याकडून 'का बे' सोडून काही ऐकलेलं नाही. मला परकं केलंस की मान दिलास?

अक्षरही तुझं वाटत नाही. तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. हे गोल, मोठं, पाटीवर गिरवल्यासारखं. इतकी वर्षं इंग्रजांच्या देशात राहून माझी मराठी अशी झाली असेल, असं मला दाखवून देतोयस का? तसं असेल तर सरळ लिही.

सुलोचनाला दाखवलं. ती म्हणाली, "अहो, त्यांना बरं नसेल." ती जन्मभर नर्स होती, तिच्या लेखी सगळ्यांनाच बरं नसतं. मी म्हणालो, तू त्याला ओळखत नाहीस, तो मुद्दाम करतोय.

पण मग शेवटची ओळ. "लँगली कशाला घाबरतो? ते लिहिला नाही. जो घाबरत नाही तो माणूस वाटत नाही."

हे वाचून मी खुर्चीत बसलो. ऐंशी पानांत लँगली कुठेही घाबरत नाही, खरं आहे. तो कशाला घाबरेल? पैसा त्याचा, छापखाना त्याचा. घाबरायचं ते हॅडनने. असं मी धरून चाललो होतो.

तू कशाला घाबरायचास? मला आठवत नाही. तू शाखेच्या सभेत, पोलीस ठाण्यात, कुठेही उभा राहून बोलायचास.

लँगलीचं एक पत्र नव्याने लिहिलंय, ते पाठवतो. त्याची सुरुवात अशी आहे: "प्रिय हॅडन, तुमचं पुस्तक मी असं छापलं नसतं तर ते कोणी उघडलंही नसतं, आणि गोदामात पडलेली पुस्तकं रोज बघायची मला भीती वाटते." बघ जमलंय का.

उत्तर नीट मराठीत दे.

जगदीश

*

कॉव्हेंट्री,
२१ एप्रिल

प्रिय ज्ञानेश्वर,

जयभीम. गेल्या रविवारी इथे बाबासाहेबांची जयंती झाली. मला वाटलं होतं तुझा प्रणय तुला घेऊन येईल. दारात कोणी आलं की माझी मान वळायची. सुलोचना म्हणाली, भाषण ऐका.

तुझं दुसरं पत्र आलं. मी पुन्हा गोंधळलो आहे आणि या वेळी रागही नीट येत नाही.

तू लिहितोस, "प्रकाशक असा स्टार्ट करत नाही. तो आधी घरच्यांची तब्येत विचारतो. मग पाऊस. मग शेवटी काम, एकच लाइन." ज्ञानेश्वर, हा तर तूच. तुझी सगळी पत्रं अशीच असायची. आईचा दमा कसा आहे, तुमच्याकडे पाऊस झाला का, आणि अगदी खाली, सहीला चिकटून, 'तिसरं प्रकरण काढून टाक.' म्हणजे सल्ला तुझाच आहे. मग शब्द कोणाचे आहेत? तू 'स्टार्ट' कधीपासून म्हणायला लागलास?

मी प्रणयला फोन केला. नंबर श्रीनिवासकडून मिळाला. दुपारी केला तर "काका, बाबा झोपलेत." संध्याकाळी केला तर "काका, बाबा झोपलेत." मी म्हणालो, मग येतो एक दिवस, उठलेला असेल तेव्हा. तो 'बघू' म्हणाला आणि फोन ठेवला. आणि तुझ्या पत्रात लिहिलंय, "इथे येऊ नका प्लीज. पत्र पाठवा. पत्र आला की मला बरा वाटतं." यातल्या 'मला'च्या आधी एक शब्द खोडलाय. उजेडात धरून पाहिला. 'त्यांना' आहे.

त्यांना म्हणजे कोणाला?

एक गोष्ट मी पहिल्या पत्रात गाळली होती. तुझ्यापासून लपवली असं नाही, मी ती कोणालाच सांगितलेली नाही. सुलोचनालाही नाही. आईला वाचता येत नव्हतं, हे तुला माहीत आहे. पुस्तक आलं तेव्हा मनालीने, माझ्या भाचीने, तिला ते वाचून दाखवलं. विहिरीचं प्रकरण संपलं तसं आईने मला हाक मारली. म्हणाली, "हे तुला कोणी सांगितलं?"

मी म्हणालो, कोणी नाही. मी मनाने लिहिलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मग तांदूळ निवडायला आत गेली. मी पुन्हा विचारलं नाही, आणि तीही पुन्हा बोलली नाही. आता ती जाऊनही बरीच वर्षं झाली.

मी रचलं ते खरं कसं निघेल? आणि खरं नसेल तर तिने असं का विचारलं? लहानपणी कधी कोणाच्या बोलण्यात ऐकलं असेन आणि विसरलो असेन का? यावर मी इतका विचार केलाय की आता मला माझ्याच पुस्तकातलं काय मी केलंय आणि काय ऐकलंय ते सांगता येणार नाही.

चंदावहिनी आईच्याच गावच्या. आईपेक्षा लहान, पण त्याच वस्तीतल्या. त्यांना काही माहीत होतं का? त्यांनी तुला सांगितलं होतं का? ते खरं आहे असं समजून तू 'आत्मकथन' छापलंस का? की तुला काहीच माहीत नव्हतं, आणि तू फक्त धंदा केलास?

लँगलीचं राहू दे. मला एवढंच लिही. चुकीच्या मराठीत लिहिलंस तरी चालेल.

जगदीश

*

कॉव्हेंट्री,
९ जून

ज्ञानेश्वर,

काल मी आलो होतो. तू मला ओळखलंस की नाही ते मला समजलं नाही, म्हणून हे लिहितोय. तनू तुला वाचून दाखवेलच.

दीड महिना वाट पाहिली, उत्तर आलं नाही. मग सुलोचनाला सांगितलं आणि सकाळच्या ट्रेनमध्ये बसलो. भांडायच्या तयारीने आलो होतो, हे सांगून टाकतो. रीडिंगपर्यंत वाक्यं जुळवत होतो. बसमधून उतरलो तेव्हा त्यांतलं एकही धड आठवेना.

दार तनूने, तुझ्या सुनेने, उघडलं. कानात हेडफोन, ऑफिसची मीटिंग चाललेली असावी, शनिवार असूनही. तिने माझ्याकडे बघितलं आणि हेडफोन काढला.

"जगदीशकाका ना?"

"हो. ज्ञानेश्वर आहे?"

"आहेत. पण काका, आधी मला सांगू द्या. प्लीज. इथेच."

आम्ही दारातल्या चपलांपाशी उभे होतो. ती म्हणाली, "बाबांना नोव्हेंबरमध्ये स्ट्रोक झाली. मोठी. राइट साइड गेली आणि बोलणं गेला."

मी म्हणालो, "पण पत्रं?"

"मी लिहिला," ती म्हणाली. "माझी मराठी थोडी ब्रोकन आहे. मी क्रॉयडनला जन्मले, घरी बोलायचो पण लिहायला कोणी शिकवला नाही. लग्नानंतर बाबा सुट्टीत आले की शिकवायचे. काना, मात्रा, सगळा. सॉरी काका. तुम्हाला राग आला असेल."

मला राग आला होता की नाही, खरंच सांगता येत नाही. मी विचारलं, "मला कळवलं का नाही?"

"प्रणयला आवडत नाही. लोक बघायला येतात, रडतात, बाबांना ते समजतं. आणि मग तुमचं पहिला पत्र आलं. मी वाचून दाखवला. काका, तीन महिन्यांत पहिल्यांदा ते नीट बसले. असे, सरळ. पुढचं पान, पुढचं पान, असा हात करायचे. मला वाटलं, मी खरं सांगितलं तर तुम्ही आजारी माणसाला लिहिणार. हाऊ आर यू, गेट वेल सून. ते नको होता. तुम्ही भांडत होता, ते बरं होता."

मग मी ते विचारलं जे मला विचारायचं होतं. "भीतीचं कोणी सांगितलं? लँगली कशाला घाबरतो, ते?"

"मला नक्की नाही सांगता येत. मी वाचते तेव्हा त्यांचा चेहरा बघते. एका पानावर त्यांनी हात उचलला, असा थांबवल्यासारखा. मी विचारला, काय? लँगली वाईट आहे? रागीट आहे? घाबरतो? मी असं एकेक विचारत जाते. कुठल्यातरी शब्दाला डोळे बदलतात. मग मी ते लिहिते. पण कधी मला वाटतं, ते माझंच आहे. मीच बोलते आणि मीच ऐकते."

"आणि तब्येत, पाऊस, मग काम?"

"ते तर मला माहीत होता. मला पण ते तसंच पत्र लिहायचे."

तू खिडकीपाशी खुर्चीत होतास. वाळलायस. उजवा हात उशीवर ठेवलेला, जणू दुसऱ्या कोणाचा असावा. मी म्हणालो, "जयभीम, ज्ञानेश्वर." तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "बरोबर."

आवाज तोच होता. म्हणून मला धीर आला. खुर्ची ओढून बसलो, सुलोचनाचं, मुलांचं सांगितलं. तू दर वाक्याला "बरोबर" म्हणत होतास. तनू हळूच म्हणाली, "काका, तेवढा एकच शब्द राहिला आहे."

मला ते कळलं होतं, तरीही मी विचारलं. इतक्या लांब आलो होतो.

"वहिनींनी तुला आईचं काही सांगितलं होतं?"

"बरोबर."

"की काहीच सांगितलं नव्हतं?"

"बरोबर."

"तू माझं वाईट व्हावं म्हणून केलंस?"

"बरोबर."

"की माझ्या भल्यासाठी?"

"बरोबर," तू म्हणालास. तुझे डोळे भरून आले, आणि ते कुठल्या प्रश्नाला ते मला कळलं नाही. तनू म्हणाली की आजारपणात डोळे असे उगाच भरतात, डॉक्टरांनी सांगितलंय. मी कशावर विश्वास ठेवू?

निघताना मी तुझ्या डाव्या हाताला हात लावला. तू माझी दोन बोटं धरून ठेवलीस, चांगली घट्ट. ट्रेन चुकली.

जगदीश

*

कॉव्हेंट्री,
३० जून

चि. तनू,

सप्रेम जयभीम.

हे पत्र तुला आहे, ज्ञानेश्वरला वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव, मला आता काय योग्य ते ठरवता येत नाही.

तुझ्या पत्रांत चुका काढल्या त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. मला माहीत नव्हतं. उलट तू लिहिलेलंच मी जास्त वेळा वाचलं आहे. लँगली घाबरतो, हे वाक्य तुझं असेल तर तू माझ्या पुस्तकाची निम्मी अडचण सोडवलीस. ज्ञानेश्वरचं असेल तर त्याने सोडवली. दोघांपैकी कोणाचे आभार मानायचे, ते मला कळत नाही, म्हणून दोघांचे मानतो.

एक विचारायचं होतं. दर गुरुवारी मी तिकडे आलो तर चालेल का? मला निवृत्तांचा रेल्वे पास आहे. रडणार नाही. पुस्तकाची नवी पानं त्याला वाचून दाखवीन, तेवढ्या वेळात तुला तुझं काम करता येईल. प्रणयला विचारून कळव. तो नको म्हणाला तर मी पत्रं पाठवत राहीन.

तुझा,
जगदीशकाका

*

कॉव्हेंट्री,
१८ ऑगस्ट

प्रिय ज्ञानेश्वर,

जयभीम. गुरुवारी भेटतो तरी लिहितोय. समोर बसलो की तू 'बरोबर' म्हणतोस आणि माझा तोल जातो. कागदावर तू अजून उत्तर न दिलेला माणूस असतोस, तेव्हा मला बोलता येतं.

गेल्या वेळी प्रणय लवकर घरी आला होता. दारातून ऐकत उभा राहिला होता, तुला दिसलं असेल. नंतर मला स्टेशनवर सोडायला आला. गाडीत म्हणाला, "काका, मी ते पुस्तक वाचलेलं नाही. तुमचं पहिलं. बाबांनी मला कधी वाचू दिलं नाही. कपाटात वर ठेवलं होतं." मी विचारलं, का? म्हणाला, "आई म्हणायची, त्या पुस्तकाचं नाव घरात काढायचं नाही."

हे ऐकून माझं उरलंसुरलं डोकंही गेलं. वहिनींना ते पुस्तक नको होतं. का? त्यांनी सांगितलेलं तू छापलंस म्हणून? की त्यांनी काही सांगितलंच नव्हतं, आणि आईची दशा बघून त्या तुझ्यावर चिडल्या म्हणून? दोन्ही जमतं. मी प्रणयला आणखी विचारलं, त्याला आणखी काही माहीत नाही.

लँगली मात्र आता थांबायला तयार नाही. कादंबरी अशा जागी आलीय की त्याला हॅडनला सांगावंच लागेल की त्याने ते का केलं. मला खरं कारण कळण्याचा रस्ता राहिलेला नाही. म्हणून मी कारण रचलं आहे. रचणं हाच माझा धंदा आहे, आणि त्यापायी एकदा इतकं झालंय, तरीही.

येत्या गुरुवारी ते पान वाचीन. मला धास्ती वाटतेय.

जगदीश

*

कॉव्हेंट्री,
२४ ऑगस्ट

प्रिय ज्ञानेश्वर,

घरी सगळे बरे ना? तनू परवापासून हसतेय का रडतेय, ते कळव म्हणावं. इथे पाऊस आहे.

गुरुवारी काय झालं ते मला एकदा नीट मांडू दे, कारण तिथे सगळे एकदम बोलत होते.

मी लँगलीचं पत्र वाचत होतो. हेच: "प्रिय हॅडन, तुमच्या बहिणीच्या बाबतीत जे घडलं ते माझ्या पत्नीकडून मला पूर्वीच कळलं होतं, आणि ते खरं आहे अशी माझी खात्री असल्यामुळे, व खऱ्या दुःखाला कल्पित म्हणून विकणं हा त्या बाईचाच अपमान ठरेल असं मला वाटल्यामुळे, मी मुखपृष्ठावर तो शब्द घातला, ज्याबद्दल तुम्ही मला क्षमा करावी असं..."

आणि तू म्हणालास, "नाही."

मी वाचायचा थांबलो. मला वाटलं तनू बोलली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात कप. तिने कप तसाच खाली ठेवला, जमिनीवर.

"बाबा? काय म्हणालात?"

"नाही," तू म्हणालास. स्पष्ट. डाव्या हाताने माझ्या हातातला कागद ढकललास.

मग तनूने प्रणयला ऑफिसात फोन लावला, तो फोनवरच रडायला लागला. मग बोलणं शिकवायला येते त्या बाईला फोन. ती म्हणाली, वंडरफुल, आणखी काय म्हणतात बघा. तेव्हा सगळ्यांनी तुला काय काय विचारलं. चहा हवा का? बरोबर. थंडी वाजतेय का? बरोबर. पुन्हा तेच. नवा शब्द तू फक्त मला दिला होतास, आणि तो नकाराचा होता.

ट्रेनमध्ये बसलो आणि मला काय वाटायला हवं तेच कळेना. नऊ महिन्यांनी तू दुसरा शब्द बोललास, याचा आनंद होताच. पण नाही कशाला? वहिनींनी काही सांगितलं नव्हतं, म्हणून नाही? आईचं ते खरं नव्हतं, म्हणून? तसं असेल तर माझ्या छातीवरचा मोठा दगड उतरला. की खरं होतं, पण तू त्यासाठी छापलं नव्हतंस? की क्षमा मागणारा लँगली तुला मान्य नाही?

तनूला मी दारात विचारलं होतं, तुला काय वाटतं. ती विचार करून म्हणाली, "काका, रागावू नका. ते सेन्टेन्स फार लांब होता."

मी रस्ताभर हसलो. समोरच्या बाईने जागा बदलली.

पण घरी येऊन वाचलं, आणि ते खरंच फार लांब आहे. 'असल्यामुळे', 'वाटल्यामुळे', 'ज्याबद्दल'. तू असलं वाक्य कधी छापलं नसतंस. आणि तू असलं पत्रही कधी लिहिलं नसतंस. तुला कारण सांगायचं असतं तर तू वीस वर्षांपूर्वी गॅलीवरून मान वर करून सांगितलं असतंस. लँगलीही कारण सांगणार नाही. तो हॅडनच्या बहिणीची तब्येत विचारेल. ती बाहेर पडते का ते विचारेल. ते विचारताना तो एक शब्द लिहून खोडेल, आणि हॅडनला ते कागदावर दिसेल. बस.

आईने मला का विचारलं ते मला कधी कळणार नाही. याची सवय करतोय. अजून झालेली नाही.

जुनं पान फाडलं. नवं लिहितोय, अजून जमलेलं नाही, पण लहान आहे. गुरुवारी घेऊन येतो. पटलं नाही तर पुन्हा नाही म्हण. मी पुन्हा लिहीन.

तुझा,
जगदीश